डॉकिंग स्टेशन लावलं तर टॅबची पॉवर वाढते का?

तुमचा प्रश्न असा आहे की घरात 4 जीबी रॅमचा अँड्रॉइड टॅब पडून आहे, लॅपटॉपचं बजेट नाही, तर डॉकिंग स्टेशन, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, पेनड्राइव्ह एकाच तारेने टॅबला जोडायचा डबा, घेऊन त्याच टॅबची पॉवर वाढवता येईल का. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. तीन वर्षांपूर्वी मलाही हेच वाटलं होतं. उत्तर मिळवायला मला दीड हजार रुपये मोजावे लागले, तुम्हाला फुकट सांगतो.

सगळा घोळ 'पॉवर' या शब्दाचा आहे. आमच्याकडे लाईट गेली तरी 'पावर नाही' म्हणतात अन् मोटर पाणी ओढत नसली तरी तेच म्हणतात. टॅबचंही तसंच. प्रोसेसर आणि रॅमची ताकद म्हणत असाल, तर ती डॉकने कणभरही वाढत नाही. या दोन्ही वस्तू टॅबच्या बोर्डावर सोल्डर केलेल्या असतात, तारेने बाहेरून भर घालता येत नाही. बोअरला दोन इंच पाणी लागलंय असं समजा. त्याच्या पाइपाला चार तोट्या बसवल्या तर चार ठिकाणी पाणी मिळेल, बोअरचं पाणी मात्र दोन इंचच राहील. डॉक म्हणजे त्या चार तोट्या. उलट मोठा मॉनिटर जोडला की त्याच प्रोसेसरला जास्त चित्र ओढावं लागतं, म्हणजे टॅब थोडा जडच होतो.

तुमचा प्रश्न येडपटासारखा आहे असं मात्र समजू नका. 2011 मध्ये असूसच्या ट्रान्सफॉर्मर टॅबला असा कीबोर्ड-डॉक होता की त्याच्यातच दुसरी बॅटरी होती. कंपनीच्या सांगण्यानुसार साडेनऊ तास चालणारा टॅब डॉकसकट 16 तास चालायचा. 2015 च्या मायक्रोसॉफ्ट सरफेस बुकच्या काही मॉडेलांत कीबोर्डच्या भागात एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप होती, पडदा त्यावर बसवला की खरोखरच ताकद वाढायची. पण ही यंत्रं मुळातच तशी बनवलेली होती आणि किंमतही तशीच होती. बाजारात डॉक म्हणून मिळणाऱ्या साध्या यूएसबी-सी हबमध्ये असलं काही नसतं.

आता माझा किस्सा. मी 'आठ-इन-वन' हब आणला. मॉनिटरच्या तारेसाठी एचडीएमआय, तीन यूएसबी, कार्डाची जागा, चार्जिंगचं भोक, सगळं होतं. दुकानात जुना मॉनिटर होता, तो जोडला. पडद्यावर 'नो सिग्नल'. केबल बदलली, मॉनिटर बदलला, टॅब बंद-चालू केला. शेजारचे काका बाकावर बसून बघत होते. म्हणाले, "काहून रे, इतक्या तारा लावल्या अन् दिसत तं काहीच नाही." दुपार गेल्यावर कळलं की हब चांगला होता, माझ्या टॅबच्या भोकातून चित्रच बाहेर येत नव्हतं.

हे नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच बुडतात. यूएसबी-सी हा फक्त भोकाचा आकार आहे. आतून किती तारा जोडल्यात हे कंपनी ठरवते. चित्र बाहेर जायला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' नावाची सोय टॅबमध्येच लागते, आणि स्वस्त अँड्रॉइड टॅबमध्ये ती सहसा नसते. मॉडेलच्या माहितीत यूएसबी 2.0 लिहिलेलं असेल तर अँड्रॉइड टॅबवर आशा जवळपास सोडाच. सॅमसंगच्या महागड्या एस मालिकेतले टॅब मॉनिटरला लावले की 'डेक्स' नावाचा संगणकासारखा पडदा उघडतो. टॅबमध्ये ही सोय 2018 च्या टॅब एस4 पासून आली. एम1 चिपच्या आयपॅडना आयपॅडओएस 16 मध्ये बाहेरच्या पडद्यावर वेगळ्या खिडक्या उघडता येऊ लागल्या. डिस्प्लेलिंक चिपचे डॉक ऑल्ट मोडशिवायही चित्र दाखवतात, त्यासाठी टॅबवर त्यांचं अॅप टाकावं लागतं. पण ते काम प्रोसेसरकडून करून घेतात. तुमच्या 4 जीबीच्या टॅबला ते झेपेल असं मला वाटत नाही.

दुसरी पॉवर म्हणजे वीज. हबवर '100 वॅट' लिहिलेलं असतं, ते बघून लोक भुलतात. हब वीज बनवत नाही. चार्जरकडून येणारी वीज तो पुढे पाठवतो, त्यातली थोडी स्वतःला ठेवतो, आणि टॅबला पेलवेल तेवढीच टॅब घेतो. 15 वॅट घेणारा टॅब 100 वॅटचा चार्जर लावला तरी 15 वॅटच घेणार. वाटणीतही तोट्यांचाच हिशेब. साध्या यूएसबी 2.0 भोकातून 500 मिलिअँपिअर आणि 3.0 मधून 900 मिलिअँपिअर मिळावे असं मानक आहे. मी थंब मशीन (अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र) लावलेलं असताना बाजूला हार्ड डिस्क जोडली की मशीनचा लाल दिवा विझायचा. गिऱ्हाईक अंगठा दाबून दाबून थकायचं. पुढे हार्ड डिस्क वेगळी ठेवली तेव्हा थांबलं.

आपल्या भागात एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. लाईट गेली की मॉनिटर बंद पडणार हे सगळ्यांना माहीत असतं. पण चार्जरची वीज तुटली की बऱ्याच हबमध्ये क्षणभर सगळी जोडणी सुटते अन् पुन्हा लागते. त्या क्षणी पेनड्राइव्हवर फाइल जात असेल तर ती खराब होऊ शकते. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी माझ्या दोन पेनड्राइव्हचं हेच झालं. तेव्हापासून कागद आधी टॅबमध्येच सेव्ह करतो, पेनड्राइव्हवर मागून टाकतो. चार्जर छोट्या इन्व्हर्टरवर घेतलात तर आणखी बरं.

आणि उन्हाळा! अॅपल आपल्या आयपॅडसाठी 35 अंशांपर्यंतचं तापमान योग्य सांगते. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच 44-45 होतं, आणि माझ्या दुकानावर टिनपत्रे आहेत. चार्जिंग, मॉनिटर आणि काम एकदम चालू असलं की टॅब तापतो, अन् तापला की स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. म्हणजे पॉवर वाढवायला डॉक लावला अन् दुपारी दोन वाजता होती तीही गेली. कव्हर काढा, टॅब उभा ठेवा, त्याच्याकडे पंखा वळवा. दिवसभर चार्जरला जोडूनच राहणार असेल तर बॅटरी 80-85 टक्क्यांवर थांबवायची सेटिंग आहे का बघा. तापलेल्या, कायम पूर्ण भरलेल्या बॅटऱ्या फुगू शकतात. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या टॅबचा पडदा त्यामुळे कडेने उचलला गेला होता.

मग तुम्ही काय करावं? डॉक विकत घेऊ नका, आधी कुणाकडून तरी उसना आणा. तालुक्याच्या मोबाइल दुकानात टॅब घेऊन जा, समोर लावून बघा. चित्र आलं तर विचार करा. नाही आलं तर चार्जिंगचं भोक असलेला साधा हब, एक कीबोर्ड अन् माउस एवढंच घ्या. लांबलचक मजकूर टाइप करणं, फॉर्म भरणं, मुलांचा अभ्यास, यात फरक नक्की पडतो, कारण हात मोकळे होतात. 'व्हर्च्युअल रॅम' नावाच्या सेटिंगवर भिस्त ठेवू नका. ती स्टोरेजचा तुकडा रॅमसारखा वापरते, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी संथ असतं. नको ती अॅप काढून टाका, त्याने जास्त हलकं वाटेल. मोठ्या एक्सेल फाइल किंवा फोटोशॉपसारखं काम असेल तर डॉकचे पैसे बाजूला ठेवून कुठल्या ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप शोधा.

माझा तो आठ-इन-वन हब अजून दुकानात आहे. थंब मशीन आणि माउस त्यावरच चालतात. एचडीएमआयच्या भोकात धूळ जाते म्हणून तिथे सरकीसकट कापसाचा बोळा कोंबून ठेवलाय.