माझ्याकडे एक कॅमेरा बॉडी आणि दोन लेन्स आहेत. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंसाठी कॅमेरा कंपनीच्या प्रो मेंबरशिपवर ६०० एमएम लेन्स उसनी मिळेल का?

मिळू शकते, पण विचारण्याआधी ही योजना कोणासाठी आहे ते पाहा. कॅननची सीपीएस, निकॉनची एनपीएस आणि सोनीची इमेजिंग प्रो सपोर्ट या योजना मुळात फोटोग्राफीवर पोट असलेल्यांसाठी आहेत. तुमच्या नावावर त्या कंपनीच्या वरच्या श्रेणीतल्या बॉड्या आणि लेन्स किती, हे सीरियल नंबरनिशी बघतात. त्यामुळे अधिकृत दुकानाची बिलं जपून ठेवा. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात. अमेरिकेतल्या फोटोग्राफरचा व्हिडिओ पाहून हिशेब मांडू नका, भारतातल्या शाखेलाच विचारा.

दुसरं म्हणजे, ही लेन्स साधारणपणे दोन कारणांनी देतात: विकत घेण्याआधी पारखायला, किंवा तुमची दुरुस्तीला गेली असेल तर काम अडू नये म्हणून. ऑलिंपिकसारख्या स्पर्धांत तर मान्यताप्राप्त फोटोग्राफरांसाठी खास काउंटरच असतो. दर रविवारी हक्काने मागावी अशी ही सोय नाही, आणि तशी वापरूही नये. ज्याचं काम खरंच अडलंय त्याची लेन्स आपण अडवून ठेवतो.

तुमच्यासारखं एक बॉडी आणि दोन लेन्स असताना मला तरी दुकानातून भाड्याने घेण्याचा रस्ता बरा वाटतो. अनामत आणि आधार कार्डाची तयारी ठेवा, घेतानाच काचेवरचे ओरखडे दुकानदारासमोर तपासा. आणि ६०० एमएम एफ/४ चा हट्ट सोडा. ऐरोलीहून फ्लेमिंगो दाखवायला नेणाऱ्या बोटीत ही ३ किलोची लेन्स हातात धरून नेम साधत नाही. १५०-६०० किंवा २००-६०० झूम घ्या, भरतीची वेळ बघून जा.