डोळे अधू झालेल्या आईला नसलेली माणसं दिसतात. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय का?

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ७९, दोन्ही डोळ्यांचा पडदा वयोमानाने खराब झालाय, आणि काही महिन्यांपासून त्यांना संध्याकाळी भिंतीपाशी माणसं उभी दिसतात. माणसं बोलत नाहीत. ती खरी नाहीत हे आईंना कळतं. तरी भाऊ म्हणतो डोक्यावर परिणाम झालाय आणि शेजारच्या काकूंना बाहेरची बाधा वाटते.

या वर्णनावरून तरी हे दुखणं डोळ्यांचं वाटतं. याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात. मी डॉक्टर नाही. इंदूरला रामबागेत राहते, सत्तरी कधीच ओलांडली आणि मला स्वतःलाच हे होतं. (उत्तर फोनला सांगून लिहिलंय, नातीने तपासून दिलंय.)

माझ्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, गेला आहे. त्यामुळे कडेचं दिसतं, पण नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही. राजवाड्यापाशी उभी राहिले तर दुकानांचे दिवे, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय, साड्यांचे रंग सगळं कळतं, फक्त समोरच्याचा चेहरा नसतो. लोकांना वाटतं तिथे काळा डाग दिसत असेल. मला बहुतेक वेळा तसा डाग जाणवत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून काढतो. म्हणूनच हे फसवं आहे. काय दिसत नाहीये हेच कळत नाही. ओळखीच्या बायकांना वाटायचं, हल्ली ही ओळख दाखवत नाही, हिला गर्व झालाय. मग माणूस हळूहळू हळदीकुंकवाला जाणं सोडतो, गणपतीत मंडपात जाणं सोडतो.

नसलेलं दिसणं सुरू झालं ते नक्षीने. भिंतीवर जाळी दिसायची, महेश्वरी साडीच्या काठासारखी बारीक, रेखीव. पुढे माणसं आली, भरजरी कपड्यातली, काही वीतभर उंचीची. मला सर्वांत विलक्षण वाटलं ते हे की समोर बसलेल्या सुनेचा चेहरा धूसर आणि त्या नसलेल्या बाईच्या शालूची जर मात्र लख्ख. खऱ्यापेक्षा खोटं जास्त स्पष्ट दिसायला लागलं की माणूस आतून हादरतो. मी घरात बरेच दिवस बोलले नाही. आपल्याला वेडी ठरवतील, ही भीती फार खोल असते. तुमच्या आईंनी तुम्हाला सांगितलं हीच मोठी गोष्ट आहे.

असं होतं त्याचं कारण कळलं की भीती निम्मी होते. डोळ्यांकडून येणारी माहिती कमी झाली म्हणून मेंदूतला बघण्याचा भाग गप्प बसत नाही, तो स्वतःहून चित्रं तयार करतो. लंडनमधल्या संशोधकांनी १९९८ साली अशा रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. रंगीत काही दिसत असताना मेंदूतला रंग ओळखणारा भाग जागा झालेला आढळला आणि चेहरे दिसत असताना चेहऱ्यांचा. म्हणजे ही मनाने रचलेली गोष्ट नव्हे, मेंदू खरोखर 'बघत' असतो. २००४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर चांगल्या डोळ्यांच्या माणसांवर होता. १३ जणांच्या डोळ्यांवर सलग ५ दिवस पट्टी बांधली, तर त्यातल्या १० जणांना काही ना काही दिसू लागलं. वेड असतं तर पट्टी बांधून आलं नसतं.

आणि हे नवीनही नाही. जिनीव्हाच्या चार्ल्स बॉने यांनी १७६० सालीच हे लिहून ठेवलंय. त्यांचे आजोबा शार्ल ल्यूलँ नव्वदीच्या घरात होते, मोतीबिंदूने दृष्टी गेलेली. त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या आणि हे सगळं खोटं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. बुद्धी शाबूत होती.

आता भावाच्या शंकेबद्दल. ती अगदीच अस्थानी नाही. दृष्टी जाणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये उपचार न केलेला दृष्टिदोष स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत धरला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तीन हजारांवर वृद्धांच्या पाहणीत मोतीबिंदू काढून घेतलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. ऑपरेशनमुळेच कमी झाला असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण 'मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू' म्हणणाऱ्या घरांवर मला आता खरोखर राग येतो. आईंना पडद्याच्या आजारासोबत मोतीबिंदूही असेल तर तो काढायचा का, हे डॉक्टरांना विचाराच.

उलट चूकही होते, आणि ती जास्त दुखावते. स्मरणशक्तीच्या चाचणीत वाक्य वाचायला, आकृती बघून काढायला सांगतात. दिसतच नसेल तर गुण जाणारच, आणि कागदावर बुद्धी कमी पडल्याची नोंद होते. चाचणीआधी स्पष्ट सांगा, आईला मधलं दिसत नाही.

घरी एवढं करून बघा. चित्र दिसायला लागलं की डोळे झपझप डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, थोडा वेळ. किंवा उठून दुसऱ्या खोलीत जायचं. संध्याकाळचा अंधुकपणा या चित्रांना मानवतो, म्हणून दिवे लवकर आणि भरपूर लावा. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना उठून दिसणाऱ्या रंगाची पट्टी मारा. पायरीची कड न कळल्याने पडणं ही कल्पनेतल्या माणसांपेक्षा कितीतरी मोठी आपत्ती आहे. आणि 'काही नाहीये तिथे' म्हणून वाद घालू नका, ते त्यांना माहीत आहे. 'आज कोण आलंय?' असं विचारा. माझी नात विचारते, मला फार बरं वाटतं. काहींची ही चित्रं वर्ष-दोन वर्षांत विरळ होतात, काहींची राहतात. माझी अजून आहेत.

मात्र पुढचं काही आढळलं तर थांबू नका: आवाज ऐकू येणं, माणसं खरी आहेत असा विश्वास बसणं, हातापायांना ताठरपणा किंवा कंप, काही दिवस लख्ख आणि काही दिवस गोंधळलेलं असणं. ताप, लघवीचा संसर्ग किंवा नवं औषध यानंतर एकाएकी सुरू झालं असेल तर त्याच दिवशी दाखवा. यांपैकी काही नसलं तरी आधी पडद्याच्या डॉक्टरांकडे, नंतर एकदा न्यूरॉलॉजिस्टकडे जाऊन या. भावालाही सोबत न्या, आईंच्या देखत डॉक्टरांच्या तोंडून त्याने ऐकलेलं बरं.