संयम, निग्रह आणि आपला ‘दम’

नांदेडकडच्या एका शिक्षकांनी विचारलंय : ‘सेल्फ-कंट्रोल’ला मुलांना आत्मसंयम सांगू, आत्मनियंत्रण सांगू, की नुसतं संयम? आणि निग्रह म्हणजे तेच का?

सर, नुसता ‘संयम’ पुरे. तो असतोच स्वतःपुरता. ‘पोरांवर संयम ठेवा’ असं कुणी म्हणत नाही. पोरांना आवरावं लागतं. ‘आत्मसंयम’ चूक नाही, पण त्यातला ‘आत्म’ फुकटचा. ‘आत्मनियंत्रण’ मात्र कानाला खटकतं. नियंत्रण रहदारीचं, गर्दीचं, फार तर रक्तदाबाचं. चिडलेल्या माणसाला ‘आत्मनियंत्रण करा’ म्हणून बघा, आणखी भडकेल!

संयम हा सम् + यम्. यम् म्हणजे आवरून धरणं. नियम, प्राणायाम हे त्याच धातूचे. पतंजलीच्या योगसूत्रांत मात्र धारणा, ध्यान आणि समाधी ही तिन्ही एकाच विषयावर लागली की त्याला संयम म्हटलंय. तो अर्थ शाळेच्या निबंधात ओढून आणू नये.

निग्रह जास्त कडक, त्यात ‘ग्रह्’ म्हणजे पकडणं आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मनाचा निग्रह वाऱ्याला धरण्याइतका अवघड. आजच्या मराठीत या शब्दाला ठामपणाचा रंग चढलाय. ‘त्यानं निग्रहानं नकार दिला’ म्हणजे तो बधला नाही. ‘संयमानं नकार दिला’ म्हणजे आतून तापलेला होता, पण बोलला नीट. एकच शब्द बदलला, माणूसच बदलला.

आतली ही धग संयमात गृहीतच असते. म्हणूनच की काय, पैठणच्या एकनाथांना कुणी ‘संयमी’ म्हणत नाही, ‘शांतिब्रह्म’ म्हणतात. गोदावरीत अंघोळ करून येताना एक जण पुन्हा पुन्हा अंगावर थुंकतो आणि नाथ पुन्हा पुन्हा नदीवर जातात, ही आख्यायिका आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात राग गिळल्याचं कुणी सांगत नाही. राग आलाच नाही, ही त्या गोष्टीची गंमत.

रोजच्या बोलण्यात मात्र आपण ‘संयम’ हा शब्द क्वचितच वापरतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं. शेजाऱ्याची तिफण चालू झालेली दिसत असते, घरात बियाण्याच्या पिशव्या येऊन पडलेल्या असतात. अशा वेळी बांधावरचा म्हातारा ‘संयम बाळग’ म्हणत नाही. ‘दम धर की जरा, एवढी काय घाई,’ म्हणतो. हा दम फारसी, म्हणजे श्वास. ‘शमदम’मधला संस्कृत दम वेगळा, तो इंद्रियांना काबूत आणण्याचा. ‘सबुरीनं घे’मधली सबुरी अरबी ‘सब्र’वरून आलेली. दम आणि सबुरी या दोन्हींत थांबून वाट बघणं आहे. गुळाचा खडा समोर असताना मधुमेह्यानं हात आवरला, तर त्याला ‘दम धरला’ म्हणता येणार नाही. तिथं संयमच.

क्रियापदं मुलांकडून घटवून घ्या. संयम ठेवतात, पाळतात, बाळगतात. तो सुटतो, ढळतो आणि फारच झालं तर त्याचा बांध फुटतो. निग्रह करतात. ‘संयम बरता’ हे हिंदीतून आलेलं दिसलं, तर लाल शाई वापरायला हरकत नाही.