नचिकेताचा पहिला वर

पत्र : बरीच वर्षं उपनिषदं आणि गीता यांचा अभ्यास करतो आहे. मन संकल्प-विकल्प करतं आणि बुद्धी निश्चय करते, हा भेद आता मला आतून कळतो. माझी पत्नी मात्र सगळं मनाच्या पातळीवर जगते. तिला कठोपनिषदातलं रथाचं रूपक समजावलं, तर म्हणाली, ‘‘तुम्ही कोरडे झालात.’’ मी कुणावर चिडत नाही, कुणाशी वाद घालत नाही. वडिलांचा स्वभाव तापट, त्यांच्या बोलण्याने चित्त ढवळतं, म्हणून त्यांचा फोन बहुधा घेत नाही. एरवी घरात शांतता आहे. पत्नीचा विवेक जागा व्हावा म्हणून काय करू? – एक साधक

उत्तर : वडिलांचा फोन घेत नाही, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत आणि पुढे गेलात. मला पुढे जाता आलं नाही. बायकोचा विवेक राहू द्या.

कठोपनिषद तुम्ही रथापासूनच वाचायला घेतलेलं दिसतं. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, हे येतं पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीत, म्हणजे तिसऱ्या भागात. पहिल्या वल्लीत कोण आहे? एक तापट बापच आहे. तो दूध आटलेल्या गाई दान देतोय हे बघून त्याचा मुलगा नचिकेत विचारतो, ‘मला कुणाला देणार?’ पुन्हा पुन्हा विचारतो. बाप भडकतो आणि म्हणतो, ‘तुला मृत्यूला देतो.’ नचिकेत खरोखर यमाच्या घरी जातो, तीन रात्री उपाशी राहतो. यम तीन वर देऊ करतो. आत्म्याविषयीचा प्रश्न तिसऱ्या वराचा. पहिला वर त्याने बापासाठी घेतला : त्यांचा राग निवावा, मन शांत व्हावं, मी परतलो की त्यांनी मला ओळखावं, माझ्याशी प्रेमाने बोलावं. ज्या बापाने मृत्यूच्या हवाली केलं, त्याच्यासाठी! यमानेही दिलं, ‘ते रात्री सुखाने झोपतील’ असं सांगून.

त्या वराशिवाय तुम्ही रथात चढलात.

चिडत नाही म्हणता, पण चिडायची वेळ येईल तिथून तुम्ही उठून जाता. घोडे तबेल्यात बांधून ठेवले तर सारथी कसलेला की नवखा, हे कुणाला कळणार? दुसऱ्या वल्लीत श्रेय आणि प्रेय येतात, म्हणजे जे हिताचं ते आणि जे आवडतं ते. प्रेय म्हणजे चैनच असं तुम्ही धरून चाललात. तुमचं प्रेय ती शांत खोली आणि तो ग्रंथ आहे.

गीतेच्या १८ व्या अध्यायातला ३० वा श्लोक काढा. काय करावं, काय करू नये, कशाला भ्यावं, कशाला भिऊ नये, हे जिला कळतं ती सात्त्विक बुद्धी. तुम्ही वडिलांच्या आवाजाला भिता आणि त्या भीतीला चित्तशांती म्हणता. मला याचा राग येतो, कारण तुमचं वाचन खरं आहे, तळमळही खरी आहे, आणि ती तुम्ही लपायला वापरताय.

बुद्धीच्या पायरीवरून बायकोकडे बघणंही सोडा. सांख्य दर्शनाच्या सृष्टिक्रमात प्रकृतीतून, म्हणजे मूळ द्रव्यातून, आधी बुद्धी निघते आणि बुद्धीतून लगेच अहंकार. मनाचा जन्म त्यानंतरचा. मनाहून बुद्धी श्रेष्ठ, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला ४२ वा श्लोक तुम्ही तिला ऐकवला असेलच. त्याचा शेवटचा चरण बुद्धीच्याही पलीकडच्याबद्दल आहे. आणि ‘कोरडे’ हा तिचा शब्द अचूक आहे. वाजणारा फोन तुम्ही पालथा घालताना ती बघत असणार.

आज फोन आला की घ्या. नाही आला तर तुम्ही लावा. ते ओरडले तर ऐकून घ्या, उलट बोलू नका आणि फोन ठेवूही नका. उपनिषदांतलं एक अक्षर त्यांना सांगायचं नाही. रात्री झोप लागते का, एवढं विचारा. उद्याही विचारा.

बायकोविषयी त्यानंतर लिहा.