'माझा पायाच कच्चा आहे, मॅडम'

गणितात पीएचडी करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा दहा वाटांनी बोलणं एकाच ठिकाणी येतं: बाकीचे फार पुढे आहेत, मी इथे चुकून आले का? त्यांतल्या एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली. पीएचडीच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला आपलं शिक्षण आणि आवडीचा विषय सांगायला लावला. कुणी गणित ऑलिम्पियाड स्पर्धेची शिबिरं केलेलं, कुणी आयसरसारख्या नावाजलेल्या विज्ञानसंस्थेतून आलेलं. हिने नाव-गाव सांगितलं आणि खाली बसली. नंतर दोन महिने सेमिनारमध्ये अवाक्षर नाही.

झोप, जेवण, जीव नकोसा वाटणं याची चौकशी मी पहिल्याच भेटीत करते. तिथे काळजीचं काही असतं, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. तसं नव्हतं.

"आवड काय सांगू? मला टोपॉलॉजी धड येत नाही."

मी विचारलं, "परीक्षेत नसलेलं गणित कधी केलंयस?"

बराच वेळ गप्प. मग नववीतली वही निघाली. सरांनी देवळालीचे शाळाशिक्षक आणि गणिती कापरेकर मास्तर यांचा ६१७४ हा आकडा दाखवला होता. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, येईल त्या उत्तरावर पुन्हा तेच करत राहायचं. सगळे अंक सारखे नसतील तर फार तर ७ वेळा केल्यावर ६१७४ येतो. वर्ग तिथेच थांबला. हिने तीन अंकी संख्या घेतल्या, तिथे ४९५ आला. दोन अंकी मात्र थांबेचनात: ८१, ६३, २७, ४५, ०९, पुन्हा ८१. "फरक कायम नवाच्या पटीत येतो ना, म्हणून..." म्हणत तिने माझ्या हातातलं पेन घेतलं.

कापरेकरांकडेही फक्त बीएस्सीच होती, हे ओठांवर आलं होतं. मुद्दाम बोलले नाही. खचलेल्या मुलांना थोरांची उदाहरणं आणखी एक मोजपट्टी वाटतात.

मग आम्ही 'कच्चा पाया' उलगडला. न जमलेलं किती आणि कुणी शिकवलंच नाही असं किती? दुसरंच जास्त निघालं. "सर, हे विषय मला शिकवलेले नाहीत, एमएस्सीच्या तासाला बसू का?" हे वाक्य तिने माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिलं. सगळ्यात अवघड तेच गेलं. गाईड लगेच हो म्हणाले.

चौथ्या भेटीला आली तेव्हा बसायच्या आधीच म्हणाली, "आज सेमिनारमध्ये विचारलं, ही पायरी कशी आली? बोलणारा पाच मिनिटं फळ्याकडे बघत होता, मॅडम."