कृषी सल्ला : मल्चिंग पेपर मातीत गाडावा का?

प्रश्न : पीक निघाल्यावर मल्चिंग पेपर काढायला मजूर मिळत नाहीत आणि काढताना त्याच्या चिंध्या होतात. उरलेला पेपर रोटाव्हेटर मारून मातीत मिसळला तर दोन-तीन वर्षांत कुजेल का? की सरळ कुजणारा पेपरच घ्यावा?

उत्तर : कुजणार नाही. गादीवाफ्यावर अंथरतो तो नेहमीचा पेपर कागदाचा नव्हे, पॉलिइथिलीन या प्लॅस्टिकचा असतो. उन्हाने तो ठिसूळ होतो, अवजाराने त्याचे तुकडे पडतात, पण प्लॅस्टिक तिथेच राहते. तुकडा ५ मिलिमीटरपेक्षा लहान झाला की त्यालाच मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात आणि तो वेचणे कोणाच्याही हाती उरत नाही. म्हणून बाकी काही जमले नाही तरी एवढे पाळाच : पेपर निघाल्याशिवाय शेतात रोटाव्हेटर घालू नका.

एक-दोन हंगामांत पिकावर फरक दिसत नाही, म्हणूनच याकडे दुर्लक्ष होते. मोठे तुकडे साचत गेले की पाणी आणि मुळे दोघांचीही वाट अडते. बारीक कणांमुळे मातीची घडण बदलते. प्रयोगांत कणांचे प्रमाण वाढवल्यावर गांडुळांची वाढ खुंटली, काही मेलीही. शिवाय तीच गांडुळे हे कण आपल्या बिळांतून खालच्या थरात नेतात. जोराच्या पावसात मातीबरोबर वाहून गेलेले कण ओढ्यात पोचतात आणि तिथे मासे नि इतर जलचर ते गिळतात. अतिसूक्ष्म कण गहू व लेट्यूसच्या मुळांत, नवे मूळ फुटताना पडणाऱ्या भेगांतून शिरतात, हेही २०२० मध्ये दाखवले गेले आहे.

आता काढणीचे. पेपर बहुतेक वेळा कडेच्या रेषेवर फाटतो, कारण उघडा भाग उन्हाने कमजोर झालेला असतो आणि गाडलेली कड मातीत घट्ट बसलेली असते. मधून ओढले की कड आतच राहते. आधी झाडे बुडाशी कापा, ठिबकच्या नळ्या गोळा करा, दोन्ही कडांची माती कुदळीने मोकळी करा आणि वाफसा असताना कडेसकट गुंडाळत चला. चिखलात किंवा कडक वाळलेल्या रानात हे काम काढू नका. माती झटकून ठेवा. मातीने भरलेला पेपर भंगारवालाही सहसा घेत नाही. बांधावर जाळायचा तर विचारही नको, धूर विषारी असतो.

पातळ पेपर स्वस्त पडतो, पण काढताना रडवतो. चीनमध्ये ८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पेपर वापरून रानेच्या राने चिंध्यांनी भरली, तेव्हा २०१८ पासून तिथे किमान जाडी १० मायक्रॉन करावी लागली. पीक जास्त दिवसांचे असेल तर २५-३० मायक्रॉनचाच घ्या.

कुजणारा पेपर चालेल, पण लेबल नीट वाचा. ईएन १७०३३ या युरोपीय मानकानुसार पेपर मातीत २ वर्षांत किमान ९० टक्के विघटित व्हावा लागतो. ‘ऑक्सो’ लिहिलेला, म्हणजे लवकर तुटावा म्हणून रसायन मिसळलेला प्लॅस्टिक पेपर घेऊ नका; त्याचे नुसते तुकडे पडतात, तो कुजत नाही. युरोपीय संघाने २०२१ पासून अशा प्लॅस्टिकच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

आधीच गाडले गेले असेल तर मूठभर माती बादलीभर पाण्यात ढवळून पाहा. पॉलिइथिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तुकडे वर येतात. काडीकचराही तरंगतो, तो ओळखून बाजूला करा. तुकडे बरेच दिसले तर मोठ्या पावसानंतर, पुढच्या मशागतीपूर्वी, उघडे पडलेले हाताने वेचा. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टमध्येही प्लॅस्टिकचे तुकडे असू शकतात, म्हणून ते घेतानाही हीच बादलीची चाचणी करा.