न वापरलेल्या विजेचा हिशेब

ग्रिडवर आणीबाणी आली की मोठे ग्राहक लोड, म्हणजे आपला विजेचा वापर, उतरवतात आणि त्याचे पैसे घेतात. किती पैसे, यावरून मग महिनोन्महिने पत्रव्यवहार चालतो. पुढची पत्रे त्यातलीच. उत्तरांतले नियम मुख्यतः अमेरिकेच्या पीजेएम या वीजबाजारातले आहेत. 13 राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन एवढा त्याचा पसारा.

प्रश्न : आणीबाणीच्या तासात आम्ही लोड 7.8 मेगावॉटवर आणला. क्षमतेच्या हिशेबात आमची 4 मेगावॉटची बांधिलकी पूर्ण धरली, ऊर्जेच्या हिशेबात मात्र फक्त 0.7 मेगावॉट. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. या वह्याच दोन आहेत. पहिल्या, क्षमतेच्या वहीत तुम्ही तयार राहण्याचे पैसे घेता. तिथे तुलना होते ती मागच्या उन्हाळ्यात, साऱ्या ग्रिडची मागणी टोकाला असताना तुम्ही केलेल्या वापराशी. तो 12 मेगावॉट होता आणि ‘बोलावल्यावर 8 च्या खाली जाऊ’ असे तुम्ही कबूल केले होते. तारांतल्या गळतीचा हिशेब बाजूला ठेवला तर 7.8 म्हणजे शब्द पाळला.

दुसरी, ऊर्जेची वही विचारते, आज बोलावले नसते तर किती वापरले असते? त्या दिवशी तुमचा एक विभाग बंद असावा, म्हणून उत्तर आले 8.5. त्यातून 7.8 वजा केले की उरले 0.7.

याची उलटी बाजू जास्त बोचते. यंदा कारखाना वाढला, लोड 14 वर गेला आणि तुम्ही तो धावपळ करून 9 वर आणलात, तर ऊर्जेच्या वहीत 5 मेगावॉट जमा होतील, पण क्षमतेच्या वहीत तुम्ही नापास, कारण 9 हे 8 पेक्षा जास्त आहेत. ज्या तासात सर्वाधिक घाम गाळला त्याच तासाचा दंड! विस्तार करताना कबुलीचा आकडाही तपासावा, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

प्रश्न : ‘किती वापरले असते’ हे ठरवतात कसे?

अंदाजाने, पण ठरलेल्या रीतीने. नेहमीची रीत म्हणजे अलीकडचे कामाचे 5 दिवस घ्यायचे, सर्वांत कमी वापराचा एक सोडायचा आणि उरलेल्या 4 दिवसांची त्याच तासाची सरासरी काढायची. समजा आकडे 10, 9.6, 9.8, 6.2 आणि 9.8 आहेत. 6.2 गळाला, बेसलाइन (म्हणजे ‘वापरले असते’ तो अंदाज) आली 9.8. लोड उतरवला ते दिवस यात धरत नाहीत, नाहीतर एकदा मदत केलेल्याची पुढची बेसलाइन आपोआप खाली जाईल.

आता समजा, बोलावले त्या दिवशी उकाडा जास्त होता आणि सकाळपासूनच तुमचा वापर बेसलाइनपेक्षा 0.6 ने वर होता. मग बेसलाइन तेवढीच उचलून 10.4 करतात. मीटर 7.1 दाखवत असेल तर कपात 3.3. वापर खाली असेल तर बेसलाइनही उतरते, याबद्दल तक्रार करू नये. एकाच बाजूला झुकणारी दुरुस्ती ग्रिडला परवडणार नाही. आणि हा 10.4 चा आकडा कोणत्याही मीटरने कधी पाहिलेला नाही, हेही ध्यानात ठेवा. सगळी भांडणे त्याच्याभोवतीच होतात.

प्रश्न : मग आधीचे काही दिवस वापर मुद्दाम वाढवून ठेवला तर?

तर वकील शोधून ठेवा. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या रमफर्ड पेपर या कागद गिरणीवर न्यू इंग्लंड या भागाच्या वीजबाजारात नेमका हाच आरोप झाला : बेसलाइन ठरत असताना स्वतःची वीजनिर्मिती कमी करून ग्रिडकडून जास्त वीज घेतली. ती योजना आणीबाणीची नव्हती, पण डाव तोच. 2013 मध्ये संघीय ऊर्जा नियामक आयोगाशी तडजोड झाली, तेव्हा दंडच 1 कोटी डॉलरचा होता.

प्रश्न : बिलही वाचते, वर पैसेही मिळतात. हे दुहेरी नाही का?

अनेक अर्थतज्ज्ञ तसेच म्हणतात आणि मला त्यात तथ्य वाटते. पण नेहमीच्या बाजारातल्या कपातीला निर्मितीइतकाच भाव देण्याचा याच आयोगाचा 2011 चा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये 6 विरुद्ध 2 मतांनी उचलून धरला. आणीबाणीतला दर वेगळा ठरतो. कॅलिफोर्नियाची योजना तर युनिटला थेट 2 डॉलर देते आणि न जमल्यास दंडही नाही.

प्रश्न : लोड न उतरवता डिझेल जनित्र लावले तर चालेल?

ग्रिडकडून घेतलेली वीज कमी झाली की मीटरला तेवढे पुरते. अडचण हवेच्या नियमांची आहे. आणीबाणीपुरत्या ठेवलेल्या इंजिनांना अशा कामासाठी वर्षाला 100 तासांपर्यंत दिलेली मुभा अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केली. तेव्हा जनित्राचा परवाना कोणत्या वर्गातला आहे ते नोंदणीआधी स्वतः वाचा. अ‍ॅग्रिगेटरचा, म्हणजे अनेक ग्राहकांची कपात एकत्र करून बाजारात विकणाऱ्या मध्यस्थाचा, सगळा जीव मेगावॉटच्या आकड्यात असतो.